कोपरापर्यंत पाणी

माझ्या अम्माची एक सवय होती. नमाज संपली की हात उचलून ती आधी अरबीत काहीतरी पुटपुटायची आणि मग तेच मराठीत म्हणायची. मनं फिरवणाऱ्या मालका, माझं मन तुझ्या वाटेवर घट्ट ठेव. ती कराडजवळच्या एका शाळेत मास्तरीण होती. वर्गाला कळलं नाही तर आपण शिकवलंच नाही असं समजायचं, हा तिचा नियम, आणि तो तिनं अल्लाहच्या बाबतीतही सोडला नव्हता. त्याला सगळ्या भाषा येतात, मला एकच नीट येते, असं म्हणायची. अम्मा गेली, मला दिल्लीत येऊन आयुष्य झालं, पण ती दुआ माझ्या तोंडात मराठीतच राहिली. प्रत्येक नमाजनंतर मी ती म्हणते. खरं सांगायचं तर लिफ्टमध्ये शिरल्यावर आपण मजल्याचं बटण दाबतो ना, तशी म्हणत आले.

मी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात आहे. नवरा दुसऱ्या खात्यातून निवृत्त झाला आणि तेव्हापासून पेपरच्या मागे राहतो. मुनिरकाच्या पलीकडे आमचं सरकारी क्वार्टर आहे. एकच मुलगा, नोएडाला कंपनीत आहे, आठवड्यातले काही दिवस घरूनच काम करतो. लहान असताना मी त्याला शिकवलं होतं की जानमाज, म्हणजे नमाजाची चटई, अंथरताना आपल्या एकट्याची अंथरायची नाही, घरात जो नमाज पढणार असेल त्याचीही अंथरायची. माझ्या बाकीच्या शिकवणीचं त्यानं काय केलं ते विचारू नका, त्याच्या खोलीत पाय ठेववत नाही. पण ही एक गोष्ट त्यानं धरून ठेवली. तो घरी असला की मगरिबच्या, दिवेलागणीच्या, अजानला स्वतःची जानमाज पुढे अंथरतो आणि माझी एक पाऊल मागे. मला ते बघायला फार आवडतं. मी कधी बोलून दाखवलं नाही.

त्याच्या लग्नाचं बघायला लागलो तेव्हा माझी अट होती की मुलगी मराठी बोलणारी हवी. नवरा म्हणाला, दिल्लीत बसून मराठी मुसलमान मुलगी शोधायची तर आधी एखादं सरकारी खातं उघडावं लागेल. त्याचं अगदीच चूक नव्हतं. इथल्या मुसलमानांना आमची उर्दू ऐकून हसू येतं आणि इथल्या मराठी मंडळींना आमचं मराठी ऐकून नवल वाटतं. तुम्ही किती छान मराठी बोलता, हे ऐकून माझे कान किटले आहेत. हल्ली मी उलट म्हणते, तुम्हीही.

ती सापडली फरीदाबादला. कस्तुरबा गांधी मार्गावर आपल्या राज्याचं अतिथिगृह आहे, तिथल्या कॅन्टीनमध्ये तिच्या आईची माझी ओळख झाली होती. इचलकरंजीकडचं कुटुंब. वडील कारखान्यातल्या नोकरीपायी फरीदाबादला आले आणि तिथलेच झाले. मुलगी ट्रॅक्टरचे सुटे भाग बनवणाऱ्या फॅक्टरीत होती, तयार झालेला माल तपासून पास किंवा नापास करायचं तिचं काम. मुलं आपापली दोन-चार वेळा बाहेर भेटली. मुलगा घरी आला की स्वतःची ताटली स्वतः विसळायला लागला, तेव्हाच मी ओळखलं.

मग एका संध्याकाळी तो म्हणाला, "अम्मी, मला ती बिल्कुल पसंत आहे. पण तू एकदा घरी जाऊन भेट, आणि मग इस्तिखारा कर. तुझं हो आलं की मी हो म्हणतो."

इस्तिखारा म्हणजे अल्लाहचा सल्ला मागणं. दोन रकात नफल, म्हणजे ऐच्छिक, नमाज पढायची आणि मग एक दुआ मागायची. तुला माहीत आहे, मला माहीत नाही. ही गोष्ट माझ्या भल्याची असेल तर माझ्यासाठी सोपी कर, नसेल तर तिला माझ्यापासून फिरव आणि मला तिच्यापासून फिरव, आणि जिथे कुठे माझं भलं असेल तिथे माझं मन रमव. मग गप्प बसून वाट बघायची, मन कुठे कलतं ते. माझी सासू स्वप्नावर फार भर द्यायची, हिरवं-पांढरं दिसलं तर हो, काळं-लाल दिसलं तर नाही. स्वप्नाची काही गरज नसते असं मला एका मौलवींनी समजावलं, ते बरं झालं, कारण माझ्या स्वप्नात फक्त ऑफिसातले साहेब येतात. आमच्या नातेवाइकांत इस्तिखाऱ्यासाठी माझं नाव घेतात. कुणाचं घर घ्यायचं असो, मुलाला कुठे शिकायला पाठवायचं असो, मला फोन येतो. मी करते, आणि जे वाटतं ते सांगते. त्याचा मला अभिमान होता, हेही सांगून टाकते.

या इस्तिखाऱ्याचा आमच्यात अजून एक उपयोग आहे, जो कुठल्या मौलवीनं शिकवलेला नाही. स्थळ नाकारायचं असलं की निरोप जातो, इस्तिखारा केला, मन घेत नाही. झालं. त्यापुढे कुणी कारण विचारत नाही. हुंडा, रंग, पगार, काही मध्ये येत नाही, कुणाचा अपमान होत नाही, पुढच्या लग्नात दोन्ही घरची माणसं एकमेकांना बिर्याणी वाढतात. नकार माणसाचा नसतो ना, वरचा असतो. मला ही पद्धत नेहमी फार शहाणपणाची वाटत आली होती.

फरीदाबादला गेलो तेव्हा उन्हाळा सुरू झाला होता. त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर, नीटनेटकं. मुलगी पुढे आली आणि मला आंटी न म्हणता काकू म्हणाली, तिथेच मी अर्धी विरघळले. तिचं मराठी अडखळायचं, अवघड शब्द आला की ती हिंदीचा आधार घ्यायची, पण सोडून द्यायची नाही. मी विचारलेल्या प्रश्नांना सरळ उत्तरं देत होती. एकदा तर तिनं मलाच विचारलं, तुमच्या ऑफिसात बायकांचं खरंच ऐकतात का? मी म्हटलं, ऐकतात, मग विसरतात. ती मोकळेपणानं हसली. मनातल्या मनात मी तिला आमच्या स्वयंपाकघरात उभीसुद्धा करून टाकली होती.

तेवढ्यात तिच्या आईच्या फोनवर असरची, तिसऱ्या प्रहरच्या नमाजची, अजान झाली. नळाला पाणी नव्हतं, उन्हाळ्यात त्यांच्याकडे दुपारचं जातंच म्हणे. मुलगी बादली आणि जग घेऊन गॅलरीत आली. "काकू, मी घालते तुम्हाला," म्हणाली. मी वजू केला, म्हणजे नमाजआधी हातपायतोंड धुतलं, ती माझ्या हातांवर बेताबेतानं पाणी घालत होती, एक थेंब वाया न घालवता. मग मी म्हटलं, आण इकडे, आता मी घालते. तिनं बाह्या वर सारल्या. वजू करताना हात कोपरापर्यंत धुवावे लागतात, त्यात काही राखून ठेवता येत नाही. तिच्या उजव्या कोपरावर आणि त्याच्या खाली बशीएवढा पांढरा डाग होता.

आमच्याकडे त्याला कोड म्हणतात, आणि हा शब्द म्हणताना आवाज आपोआप खाली जातो. त्यानं कुणाला काही होत नाही, तो कुणाला लागत नाही, हे मला चांगलं माहीत आहे. आमच्या सेक्शनमध्ये एका मुलीच्या हनुवटीवर असा डाग होता. तिच्यासोबत डबा खायचं टाळणाऱ्या बाईला मी चारचौघांत झाडलं होतं. तीच मी. गॅलरीत उभी राहून मला एकाच क्षणात सातारची माझी नणंद दिसली, लग्नाच्या हॉलमधल्या बायका दिसल्या, न झालेली नातवंडं दिसली. मी पाणी घातलं, तिनं हात धुतले, पाय धुतले, बाह्या खाली केल्या. आम्ही नमाज पढलो. नंतर मी तिच्या आईच्या हातचे पोहे खाल्ले आणि रेसिपीही विचारली.

घरी येताना गाडीत नवरा म्हणाला, छान आहे मुलगी. मी म्हटलं, इस्तिखारा करते. डागाबद्दल मी त्याला काही बोलले नाही, मुलालाही नाही. बोलले असते तर मला स्वतःच्या तोंडानं ते कारण ऐकावं लागलं असतं.

मी इस्तिखारा केला, खोटं बोलत नाही. शनिवारी सकाळी घरातलं आवरून, दार लावून, दोन रकात पढले आणि दुआ नीट, सावकाश मागितली. तुला माहीत आहे, मला माहीत नाही, असं म्हटलं तेव्हा माझ्या मिटलेल्या डोळ्यांसमोर ते कोपर होतं. पुढचे काही दिवस मी मनाचा कौल बघत होते, म्हणजे तसं मी स्वतःला सांगत होते. फरीदाबादला फोन लावला आणि लागला नाही, मला वाटलं ही खूण. मुलाच्या कंपनीत माणसं कमी करणार अशी आवई उठली, ही खूण. दूध नासलं, तर तेही मी मोजलं. ऑफिसात कधीकधी निर्णय आधी ठरलेला असतो आणि त्याला शोभेल अशी टिपणी मागाहून लिहायची असते. त्या कामात माझा हात धरणारं कुणी नाही. मी तेच करत होते, आणि वर प्रत्येक नमाजनंतर मन घट्ट ठेव म्हणत होते. मन घट्टच होतं.

शेवटी एकदा चहा घेताना मी नवऱ्याला म्हटलं, मन घेत नाही. त्यानं पेपर खाली केला. हे वर्षातून फार वेळा होत नाही.

"तू अल्लाहला विचारलंस," तो म्हणाला, "की सांगितलंस?"

मला असा राग आला. तुम्ही कधी जानमाजवर नीट बसता का, मला शिकवायला निघालात, वगैरे मी बरंच काही बोलले. त्यानं पेपर परत वर केला. राग कशाचा होता ते मला तेव्हाही कळत होतं.

मुलानं मात्र वाद घातला नाही. मी सांगितलं तेव्हा तो लॅपटॉप बंद करत होता. झाकणाकडे बघतच तो म्हणाला, ठीक आहे अम्मी, अल्लाहच्या मर्जीपुढे काय. त्या दिवशीही त्यानं मगरिबला दोन्ही जानमाजा अंथरल्या, त्याची पुढे, माझी मागे. त्याच्या पाठीकडे बघत मी नमाज पढले आणि कुराणातली कुठली आयत कुठे जोडली याचं मला भान नव्हतं. त्यानं आदळआपट केली असती तर मला सोसलं असतं. तो जेवायचा, ऑफिसला जायचा, ताटली पुन्हा बेसिनमध्ये तशीच ठेवायला लागला.

फरीदाबादला मीच फोन केला. तेच वाक्य म्हटलं, आमच्यात सगळे म्हणतात ते. मग तिची आई म्हणाली, अल्लाहची मर्जी, आपा, त्यात आपलं काय चालतं, दुआमध्ये आठवण ठेवा. फोन ठेवल्यावर मला आधी हलकं वाटलं. किती सोपं झालं, असं वाटलं. त्या हलकं वाटण्याची मला आज जेवढी शरम वाटते तेवढी बाकी कशाचीच वाटत नाही.

जूनमध्ये फरीदाबादच्या त्या मुलीचा फोन आला. मी ऑफिसात होते. काकू, एक विचारायचं होतं, भेटाल का, फक्त दहा मिनिटं. नाही म्हणता येईना. मी तिला जेवणाच्या सुट्टीत कस्तुरबा गांधी मार्गावरच्या त्याच कॅन्टीनला बोलावलं. वाटेत मी उत्तरं तयार करत होते. ती भांडली तर काय बोलायचं, रडली तर काय बोलायचं. मुलाला भेटू द्या म्हणाली तर काय, त्याचंही होतं.

ती आधीच येऊन बसली होती. बाहेर ऊन रणरणत होतं आणि तिच्या कुर्त्याच्या बाह्या मनगटापर्यंत होत्या. शेजारच्या टेबलावर कुणीतरी गावाकडून कामासाठी आलेली माणसं थालीपीठ खात होती. तिनं माझ्यासाठी ताक मागवून ठेवलं होतं. आम्ही उन्हाबद्दल बोललो, मेट्रोच्या गर्दीबद्दल बोललो. मग तिनं ग्लास बाजूला केला.

"मला भांडायचं नाहीये, काकू. रिश्ता नाही झाला, ठीक आहे, होतं असं. पण मीपण इस्तिखारा केला होता. मम्मीला न सांगता. आणि मला एकदम साफ हो आलं होतं. एवढं शांत मला कधीच वाटलं नव्हतं."

ती टेबलावर बोट फिरवत राहिली.

"मग तुमचा फोन आला. सगळे म्हणतात तुमचा इस्तिखारा सच्चा असतो. म्हणजे माझंच काहीतरी चुकलं. आता मी नमाजला उभी राहते ना, तर वाटतं की मला त्याचं ऐकूच येत नाही. मी जे त्याचं समजते ते सगळं माझंच असतं. मी रोज मागते की माझं मन हलू देऊ नको, पण आता मागायलापण डर वाटतो. मला फक्त एवढं सांगा. तुम्हाला काय आलं होतं?"

या प्रश्नाला एक चांगलं उत्तर होतं, आणि ते माझ्या जिभेवर तयार होतं. दोघींचं वेगळं येऊ शकतं बेटा, तुझ्यासाठी चांगलं ते त्याच्यासाठी चांगलं असेलच असं नाही, अल्लाहच्या हिकमती आपल्याला कळत नाहीत. हे खोटंही नव्हतं. कुठल्याही मौलवीनं मान डोलावली असती. वेळ मारून नेता आली असती, आणि ही पोर घरी जाऊन पुन्हा जानमाजवर उभी राहिली असती, आपल्याला ऐकू येत नाही असं समजत. किती दिवस, कुणास ठाऊक. माझ्या मुलाशी लग्न न जुळल्याचं दुःख घेऊन ती आलीच नव्हती. ती तिची नमाज मागायला आली होती, जी माझ्याकडे अडकून पडली होती.

मी ताकाचा ग्लास धरला होता. तो सोडला.

"मला काहीच आलं नाही," मी म्हटलं. "मी विचारायला बसले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तुझं कोपर होतं."

तिचा डावा हात नकळत उजव्या बाहीवर गेला आणि लगेच खाली आला.

"पाणी थांबलं होतं," ती म्हणाली. "त्या दिवशी, तुमच्या हातातलं. मला वाटलं, जग रिकामा झाला. मग परत आलं."

पाणी थांबलं होतं हे मला माहीतच नव्हतं.

"म्हणजे नाही तुमचं होतं," ती म्हणाली.

"हो."

"त्याचं नव्हतं."

"त्याचं काय होतं ते मला माहीत नाही. मी त्याला बोलूच दिलं नाही."

मला वाटलं होतं ती आता उठून जाईल. किंवा चारचौघांत मला दोन शब्द ऐकवेल, आणि ते मी ऐकून घेतले असते. तसं काही झालं नाही. तिनं डोळे मिटून एक मोठा श्वास सोडला, आणि तिचे खांदे इतके खाली आले की आल्यापासून ती किती ताठ बसली होती ते मला तेव्हा कळलं. तिच्या चेहऱ्यावर चक्क सुटल्यासारखं काहीतरी होतं. एका बाईनं तुला डागासाठी नाकारलं, हे ऐकून त्या मुलीला बरं वाटलं होतं. मला तिच्याकडे बघवेना. मी शेजारच्या टेबलावरच्या थालीपिठाकडे बघत राहिले.

"थँक यू, काकू," ती म्हणाली.

त्यावर मी जे बोलायला नको होतं ते बोलायला लागले. मी उद्या फरीदाबादला येते, तुझ्या आईची माफी मागते, मुलाला सगळं सांगते, आपण पुन्हा सुरुवात करू. भडाभडा बोलत होते. डोळे भरून आले होते आणि त्याचाही मला राग येत होता, कारण रडायचा हक्क असला तर तिचा होता. तिनं मला पूर्ण बोलू दिलं.

"मम्मीला नका सांगू," ती म्हणाली. "ती आधीच या हातासाठी लहानपणापासून दुआ मागतीये. अल्लाहची मर्जी तिला झेपते. हे नाही झेपणार तिला."

"आणि तू?"

"माझं हो होतं तेव्हा होतं. आता नाहीये. मला त्या घरात रोज तुमच्यासमोर बाह्या वर कराव्या लागतील ना, काकू. प्रत्येक वेळी मी तुमच्या हाताकडेच बघत राहीन." ती रागानं बोलत नव्हती. फॅक्टरीत एखादा भाग हातात घेऊन, फिरवून, खाली ठेवत असेल तसं बोलत होती. "चलो, मला तीनची शिफ्ट आहे."

जाताना तिनं ताकाचे पैसे दिले, मला देऊ दिले नाहीत. मी तशीच बसून राहिले. सुट्टी संपून गेली, सेक्शनमधून फोन आला, तो मी उचलला नाही. फरीदाबादच्या त्या घरात माझा नकार अजून अल्लाहच्या नावावर आहे, आणि तो तसाच राहणार. तिची आई माझ्या खोटेपणासमोर रोज मान झुकवणार आणि मला ते खोडताही येणार नाही, कारण मुलीनं तेवढंच मागितलं आहे. हा कसला गुन्हा, ज्याची कबुली दिली तरी एका घरात तो अल्लाहची मर्जी म्हणूनच राहतो.

संध्याकाळी घरी आले तेव्हा मुलगा घरीच होता. नवरा फिरायला गेला होता. मी पर्स खाली ठेवायच्या आधीच मुलाला म्हटलं, बस, मला सांगायचं आहे. पर्स ठेवली असती तर चहा ठेवला असता, मग भाजी निवडायला घेतली असती, आणि राहून गेलं असतं. मला मी माहीत आहे.

मी सगळं सांगितलं, गॅलरीतल्या बादलीपासून कॅन्टीनमधल्या ताकापर्यंत. काही गाळलं नाही, स्वतःला बरं दिसावं म्हणून काही घातलं नाही. डागाचं सांगितलं तेव्हा त्यानं मान वर केली.

"मला माहीत होतं ते," तो म्हणाला. "तिनं पहिल्याच भेटीत दाखवलं होतं. मी तुला बोललो नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काय आहे, असं वाटलं."

मग त्यानं विचारलं, ती आता काय म्हणाली. मी तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले. त्यानं फोन हातात घेतला, नंबर काढला, बराच वेळ त्या नंबरकडे बघितलं आणि फोन पालथा ठेवला.

"मी तुला सांगितलं होतं कर म्हणून," तो म्हणाला. "मी स्वतः का नाही केला? मला वाटलं तुझ्यापेक्षा साफ मन कुणाचं असणार."

हे त्यानं मला टोचायला म्हटलं असतं तर मी उत्तर दिलं असतं. तो खरंच विचारत होता, स्वतःला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवायला गेले, पण हात अर्ध्यावरच थांबवला.

मगरिबची अजान झाली. तो उठला, बेसिनपाशी गेला. नळाच्या पाण्याचा आवाज येत होता आणि मी तो ऐकत बसले होते, हात, तोंड, मग पुन्हा हात, कोपरापर्यंत. मीही वजू केला आणि बाहेर आले. त्यानं कपाट उघडून जानमाज काढली, झटकली, खिडकीसमोर अंथरली. कपाट बंद केलं. नमाजची नियत बांधून तो उभा राहिला.

त्याच्या मागची फरशी रिकामी होती. मी थोडा वेळ दारातच उभी होते. मग कपाट उघडून माझी जानमाज काढली आणि माझी मी अंथरली. नमाज झाली, हात उचलले, अम्माचे शब्द नेहमीसारखे ओठांवर आले. मन घट्ट ठेव, यापर्यंत मी आले आणि मला पुढे जाता आलं नाही. या मनाचं जरा आधी काही कर, एवढंच मी मराठीत म्हटलं. मुलगा त्याची जानमाज घडी करून आत गेला होता.